‘फोर हाय!’ आणि आमचे तामोरे दादा

दादांची आणि माझी पहिली भेट झाली ती बोंबलांच्या रांगेत. घिवलीला त्यांच्या अंगणात बांबूच्या आडव्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले होते, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं. त्या रांगांमधून वाट काढत मी नोकरी मागायला गेलो होतो. मी बेटेगावचा संतोष, बोईसरच्या एका कारखान्यात वायरमन. ‘तामोरे दादा परदेशी विमानतळाच्या कामाला माणसं नेतायत’ एवढं ऐकलं आणि सुट्टी टाकून थेट घिवली गाठली. विमानात तोवर बसलेलो नव्हतो. विमानतळसुद्धा फक्त बाहेरून पाहिला होता.

दादांनी ना सर्टिफिकेट बघितलं, ना अनुभव विचारला. म्हणाले, “विहिरीवरचा पंप चालत नाय, बघ जरा.” मी छाती फुगवून टेस्टर काढला आणि सरळ हात घालायला गेलो. त्यांनी मनगट धरलं.

“आदी बोल. काय करणार ते बोल. मग हात लाव.”

“मेन बंद करतो.”

“कर.”

“केला.”

“बंद हाय?”

“हाय.”

“तपासला?”

“...नाय.”

“मग बंद नाय!”

ओट्यावर बसलेल्या त्यांच्या आई पदर तोंडाला लावून हसत होत्या. “याचा बापूस पण असाच होता बघ. होडीवर कुणाला मुक्यानं काम करू देत नव्हता!” मग त्यांनीच मला समजावून सांगितलं. दादांचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात तांडेल जे ओरडून सांगेल त्याला खलाशानं मोठ्यानं जबाब द्यायचा. जबाब आला नाही तर काम झालं नाही असं धरायचं. दादांनी हीच रीत होडीवरून उचलून विजेच्या कामात आणली होती. पंपाची वायर उंदरानं कुरतडली होती. ती मी जोडली, प्रत्येक पायरी बोलून जोडली, आणि निघताना आईंनी सुक्या बोंबलांची पुडी हातात दिली. तीच माझी नेमणूक, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय.

मोरेश्वर तामोरे यांची ओळख त्यांच्या साठीनिमित्तच्या या अंकात इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगली करून देतील. अणुवीज केंद्राच्या भिंतीलगतच्या गावात वाढलेला मासेमाराचा मुलगा, डिप्लोमा केला, बोईसरला बरीच वर्षं विजेचं काम केलं, मग आखाती देशांत धावपट्टीच्या दिव्यांचे उस्ताद झाले. हे सगळं खरंच आहे. पण मला सांगायचंय ते त्या एका विमानतळाबद्दल. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे आमची माणसं अजून आहेत, आणि दादांनीही तसंच बजावलंय.

अहो, काय सांगू तो विमानतळ! म्हणायला आंतरराष्ट्रीय, पण बरीच वर्षं लढाई चाललेली. इमारतीचं अर्धं छप्पर गेलेलं, धावपट्टीला बॉम्बचे खड्डे, जमिनीतल्या तांब्याच्या केबल लोकांनी उपसून नेलेल्या. पहिल्या दिवशी आम्ही धावपट्टीवर गेलो तर शेळ्या! निवांत बसून रवंथ करतायत! मी खो खो हसलो. दादा हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसले आणि गवतात बुडालेला एक जुना दिवा हातानं साफ करायला लागले. “चांगला हाय रे,” एवढंच म्हणाले.

आणि गंमत म्हणजे विमानतळ बंद ठेवून बांधायची सोय नव्हती. आठवड्यातून एखाददुसरं मदतीचं छोटं विमान दिवसाउजेडी, वैमानिकाच्या हिमतीवर उतरायचं. ते चालू ठेवायचं आणि त्याच वेळी खड्डे बुजवायचे, केबल घालायच्या, दिवे बसवायचे. चालत्या शिलाई मशीनची सुई बदलायला सांगावं, तशातली गत. पण शहराच्या मोठ्या इस्पितळाचा जीव याच कामात अडकला होता. रस्त्यावर लढाई असली की औषधांचे ट्रक सरहद्दीवर थांबून राहायचे. औषधांची मोठी विमानं यायला तयार होती, मात्र त्यांची एक अट होती. विमानतळाची तपासणी व्हायला हवी. खास तपासणीचं विमान येणार, आमच्या दिव्यांवरून घिरट्या घालणार, आणि ‘पास’ म्हणालं तरच मोठी विमानं उतरणार.

आमची सगळी टोळी बोईसर-पालघरची. साताऱ्याचे, जळगावचे, घिवली-सातपाटीचे, दोघे उत्तर प्रदेशचे पण आयुष्य बोईसरला गेलेले. दादांनी पहिल्याच आठवड्यात हुकूम काढला, आणि लेखी काढला, की रेडिओवर प्रत्येकानं आपल्या भाषेत बोलायचं. त्यांचं म्हणणं असं, की माणूस घाबरला की उसनी भाषा आधी पळते, इंग्रजी झाडायला गेलात तर नको तिथे ‘यस’ म्हणाल. आकडे तेवढे इंग्रजीत, कारण दिव्यांच्या पेट्यांवर ते तसेच लिहिलेले. आम्हाला तर आनंदच झाला. परक्या देशाच्या धावपट्टीवर दिवसभर “टू हाय का?” “टू हाय!” “केबल नाय!” “आणतो!” असा गजर सुरू झाला. माझा ‘हाय’ तर दुहेरी, बापाकडून साताऱ्याचा आणि दोस्तांकडून किनाऱ्याचा.

हे सगळं ऐकायला वर मनोऱ्यात बसायच्या नादियाताई. त्याच देशाच्या. विमानाशी त्या इंग्रजीतून बोलायच्या आणि खाली आमच्याशी खुणेच्या चार शब्दांत. विमानतळ बंद होता त्या काळातसुद्धा ही बाई रोज येऊन मनोऱ्याच्या काचा पुसून जायची, असं तिथले लोक सांगतात. दादांना त्यांचं फार कौतुक. डब्यात बोंबलाची चटणी केली की पहिला वाटा मनोऱ्यात जायचा. पहिल्या खेपेला ताईंनी वास घेऊन खिडकी उघडली होती. नंतर नंतर त्याच विचारायच्या, “फिश डस्ट?”

दादांची माया अशीच होती, न बोलता पोचणारी. मी तिकडे असताना इकडे बोईसरला माझी बायको बाळंत झाली. मला फोन लागेना, जीव टांगणीला. दोन दिवसांनी फोन लागला तर बायको म्हणते, “अहो, काळजी काय करता, घिवलीच्या वहिनी पहिल्या दिवसापासून उशाशी बसून आहेत!” दादांनी परस्पर घरी कळवलं होतं आणि मला पत्तासुद्धा नाही. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, “मुलगी हाय ना? मग पेढे काढ.”

आता मुद्द्याला येतो. इथवर लिहिताना तीनदा चहा प्यायलो, कारण पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

तपासणीच्या विमानाचा दिवस उजाडला. धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांच्या पेट्या असतात. उतरणाऱ्या वैमानिकाला त्यातले दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर विमान नीट उंचीवर आहे असं तो समजतो. पेटी केसभर जरी वर कललेली असली तरी वैमानिक फसणार. त्या चारही पेट्या आम्ही जिवापाड जपून लावल्या होत्या. मी चौथ्या पेटीजवळ उभा. विमान घिरटी घेऊन समोर आलं आणि दादांनी रेडिओवर एकेकाला विचारायला सुरुवात केली. म्हणजे, तू जागेवर आहेस ना, दिवा पेटलाय ना, एवढंच.

“नंबर फोर?”

आणि मी, आनंदानं अक्षरशः वेडा झालेला मी, बेंबीच्या देठापासून ओरडलो, “फोर हाय! हाय!”

विमान उतरता उतरता नाक वर करून निघून गेलं. गेलं म्हणजे दिसेनासंच झालं. आम्ही आभाळाकडे बघत उभे.

झालं होतं असं, की इंग्रजीत ‘हाय’ म्हणजे उंच. एरवीचा ‘हाय’ ताईंच्या लेखी आमच्या भाषेतला गजर, आणि आधीच्या तिघांचे जबाब विमानाशी बोलण्यात त्यांना ऐकूच आले नव्हते; पण त्या घडीला तपासणी पेट्यांच्या उंचीचीच चाललेली. नादियाताईंनी ऐकलं, चार नंबर उंच आहे, उंच आहे. खालचा माणूस इतक्या जोरात ओरडतोय म्हणजे भानगड मोठी असणार. त्यांनी तत्काळ विमानाला कळवलं की चौथी पेटी वर कललेली आहे. विमानानं तपासणी रद्द केली आणि शेजारच्या देशात निघून गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते तिथूनही पुढे जाणार होतं, आणि मग पुन्हा कधी येईल याची खात्री नाही. आणि पेटी? अहो, पेटी एकदम नीट होती!

तासाभरात मोठ्या साहेबांनी, म्हणजे कामाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, सगळ्यांना कंटेनरमधल्या ऑफिसात उभं केलं. रागानं लाल झाले होते. नादियाताईंना विचारलं, “नीट असलेल्या पेटीला उंच कोण म्हणालं?”

“मी जे ऐकलं ते सांगितलं.”

“कोणाचा आवाज होता?”

त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं. “ओळखता आला नाही,” म्हणाल्या.

“म्हणजे तुमच्या मनाचे खेळ. उद्यापासून मनोऱ्यात येऊ नका.”

मी तिथे चार पावलांवर उभा होतो. मला तोवर सगळं लख्ख कळलेलं होतं. घरी तान्ही मुलगी, हातातली नोकरी, साहेबांचा चेहरा... बोललो नाही. लिहून टाकतो एकदाचं, मी भ्यालो. एक बाई माझ्यापायी कामावरून जात होती आणि मी बुटांकडे बघत उभा राहिलो.

दादांनी मनोऱ्यातलं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. खरखर, वारा, आणि त्यातून माझा आवाज, “फोर हाय! हाय!” दादांनी डोळे मिटले. मला वाटतं त्या क्षणी त्यांना हसूही येत होतं. मग डोळे उघडून ते साहेबांना म्हणाले, “हा शब्द माझा आहे. माझ्या गावात हाय म्हणजे आहे. आपापल्या भाषेत बोला, हा हुकूम मी काढला, खाली माझी सही आहे. परकं माणूस तो शब्द कसा ऐकेल याचा विचार मी करायला हवा होता. ताईंनी ऐकलं तेच सांगितलं, त्यांचं काम त्यांनी चोख केलं. लिहायचं तर माझं नाव लिहा.”

साहेब म्हणाले, “बरं, ताई राहतील. पण याचा अर्थ तुम्हाला कळतोय? तुम्हाला परत पाठवावं लागेल.”

“पाठवा. पण उद्या दुपारनंतर.”

माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. तिथूनच त्यांनी तपासणीवाल्यांना फोन लावला. त्यांच्या त्या घिवली वळणाच्या इंग्रजीत त्यांनी ‘हाय’ची सगळी कहाणी सांगितली. पलीकडून असं काही हसणं ऐकू आलं, की फोन कानापासून लांब धरावा लागला! तपासणीवाले म्हणाले, उद्या सकाळी जाता जाता एक फेरी मारतो. एकच हं.

सकाळी चहाच्या वेळी सभा भरली. रेडिओवर ‘हाय’ बंद. मग म्हणायचं काय? कुणी म्हणालं ‘ओके’. दादा म्हणाले, ओके तर तुमी झोपेतसुद्दा म्हणता. कुणी ‘यस’, कुणी ‘ठीक’. शेवटी दादांनीच ठरवलं, ‘बरोबर’. इंग्रजीतल्या कुठल्याच शब्दासारखा नाही, आणि म्हणताना तोंड पुरतं उघडावं लागतं. नादियाताईंना मनोऱ्यातून खाली बोलावलं. त्यांनी घोकला, “बरूबर. बरूबर.” आम्ही टाळ्या वाजवल्या.

आणि मग दादांनी चार नंबरचा रेडिओ उचलला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, “दादा, दुसऱ्या कुणालातरी...” तर म्हणाले, “पेटी तू बसवलीस ना? मग तूच बोल.”

विमान आलं. सूर्य डोक्यावर यायचा होता, डोंगराच्या बाजूनं ते बारीक दिसलं आणि मोठं मोठं होत गेलं. “नंबर वन?” “वन बरोबर!” “टू?” “बरोबर!” “थ्री?” “बरोबर!” “नंबर फोर?” मी पेटीकडे बघितलं, दिवा बघितला, मापाची खूण बघितली, मनातल्या मनात आधी बोललो आणि मग तोंडानं म्हटलं, “फोर बरोबर.” वरून लगेच ताईंचा आवाज आला. त्यांनी विमानाला इंग्रजीतून कळवलं आणि शेवटी उत्साहाच्या भरात त्यालाही सांगून टाकलं, “बरूबर!” डोक्यावरून विमान असं काही गेलं की टोपी उडाली, आणि घिरटी पुरी होते न होते तोच रेडिओवर एकच शब्द आला. पास!

अहो, नाचलो आम्ही! चाळिशीचे बाप्ये गवतात लोळलो! साताऱ्याचे आमचे फिटर रडायलाच लागले. आठवड्याभरात औषधांचं पहिलं मोठं विमान उतरलं. इस्पितळातले डॉक्टर पांढऱ्या कोटांत धावपट्टीच्या कुंपणाला नाकं लावून उभे होते, गावचं गाव भिंतीवर चढलं होतं, आणि चाकं टेकली तेव्हा जो आवाज उठला तो मी लिहू शकत नाही. हारतुरे झाले, भाषणं झाली. दादा कुठे होते? चौथ्या पेटीपाशी! गवत काढत बसले होते. साहेबांनीही मग परत पाठवण्याचा विषय पुन्हा काढला नाही. नादियाताई मनोऱ्यातच राहिल्या.

त्या संध्याकाळी मी गवतात त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, “दादा, तो आवाज माझा होता.”

“माहीत हाय.”

“मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?”

“तू पेटी चुकला असतास तर घेतलं असतं. तू शब्द चुकलास, आणि शब्द माझा होता.” मग म्हणाले, “ताईला मात्र तूच सांग. कदी ते तुजं तू बघ.”

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत काम संपलं, घरी आलो. दादांची सवय अशी, की परदेशातून येताना हातातलं घड्याळ त्या देशाच्या वेळेवरच ठेवायचं आणि गाडीच्या खिडकीतून वैतरणेची खाडी दिसली की मग आपल्या वेळेवर लावायचं. त्या खेपेला घड्याळाची किल्ली फिरवताना त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “सांगितलंस?” मी नकाराची मान हलवली. त्यानंतर इतकी वर्षं त्यांनी तो विषय काढलेला नाही, आणि मी रोज काढलेला आहे, मनातल्या मनात.

अंकाच्या मंडळींनी लेख मागितला तेव्हा मी घिवलीला गेलो. दादांना विचारलं, हे लिहू का? ते जाळ्याची दोरी गुंडाळत होते. म्हणाले, “लिही. पण ताईला आदी बोल, मग हात लाव.”

म्हणून गेल्या रविवारी मी नादियाताईंना फोन लावला. आता त्या मनोऱ्याच्या प्रमुख आहेत. एका दमात सगळं सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, घाम पुसत. मग त्या म्हणाल्या, “संतोष, मी दिवसभर मनोऱ्यात बसून तुमचे सगळ्यांचे आवाज ऐकायची. तुझा ओळखता येणार नाही असं तुला वाटलं?”

मी गारच पडलो. “मग त्या दिवशी सांगितलं का नाही?”

त्या म्हणाल्या, “तुझे दादा पहिल्या दिवशी वर येऊन मला म्हणाले होते, खाली धावपट्टीवर माझी पोरं आहेत, वरून लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं.” आणि मग हसून म्हणाल्या की आता तिथे नवी आलेली माणसंसुद्धा काम झालं की ‘बरूबर’ म्हणतात. हा शब्द कुठला हे त्यांना माहीत नाही. आपलाच जुना शब्द असेल असं ती समजतात.

मी फोन ठेवला आणि अंगणात जाऊन ढसाढसा रडलो. बायको घाबरून बाहेर आली. तिला म्हटलं, काही नाही, मी सुटलो.

तर दादा, तुमच्या साठीला माझ्याकडून ही एवढीच भेट. तुम्ही सांगितलेलं काम झालं, आणि तपासलेलंही आहे. गुडघ्यांची काळजी घ्या, गोळ्या वेळेवर घ्या, वहिनींचं ऐका, आणि आईंना कडाक्याच्या उन्हात बोंबील घालू देऊ नका, त्या ऐकणार नाहीत हे मला ठाऊक आहे तरी. अजून पुष्कळ धावपट्ट्या तुमची वाट बघतायत, पुष्कळ वर्षं.

समारंभाच्या दिवशी घिवलीच्या मांडवात रेडिओ नसेल, डोक्यावर विमान नसेल, कुणी गैरसमज करून घेणारं नसेल. त्या दिवशी मी पार मागच्या रांगेत उभा राहणार आहे आणि बेंबीच्या देठापासून विचारणार आहे, “दादा, हाय ना?” तुम्ही तिथून तांडेलाच्या आवाजात जबाब द्यायचा. आणि दरवर्षी मी विचारीन, दरवर्षी द्यायचा. ‘बरोबर’ चालणार नाही. आम्हाला तो एकच शब्द ऐकायचाय, हाय.